चौथा संघ चाकूरचा

तेव्हा मी तरुण होते. एकसष्ट वर्षांची. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, गुडघे शाबूत, आणि नीट समजावून सांगितलं की माणसं ऐकतात अशी पक्की समजूत. मास्तरकीचा रोग, दुसरं काय.

नात दहावीत होती, लातूरच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. एकदा शेंगा सोलता सोलता तिनं मला लीग कशा असतात ते शिकवलं. सगळ्यात वर देशाची पहिली लीग. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली ज्या त्या राज्याची, आणि राज्याखाली जिल्ह्याची. वरच्या लीगमध्ये तळाला राहिलेले खाली उतरतात, खालच्या लीगमध्ये जिंकलेले वर चढतात.

"म्हणजे नापास झालं की खालच्या वर्गात?"

"हाव."

"आणि ढकलपास?"

"ढकलपास न्हाई आजी. तिथं जिंकावंच लागतंय."

मला हे लई आवडलं. नांदेडच्या शाळेत मी तीस वर्षं पोरं वरच्या वर्गात ढकलली होती. आणि मैदान मुलांचं असतं म्हणून पीटीच्या तासाला मुलींना वर्गात बसवून रुमालावर टाके घालायला लावले होते. ती बाई आज भेटली तर तिचाच रुमाल तिच्या तोंडात कोंबीन.

अडचण एकच होती. आमच्या जिल्ह्यात मुलींची लीगच नव्हती. शिडीची खालची पायरीच गायब. जिल्हा फुटबॉल संघटनेचे साहेब म्हणाले, "बाई, चार संघ आणा, लगेच भरवतो. जिंकेल तो राज्याच्या निवडीला." लातूरचा एक होता. उदगीरला एका उर्दू शाळेतल्या बाईंनी एक उभा केला होता, लई तयारीच्या पोरी. औशाचा अर्धामुर्धा. चौथा?

"मी आणते," मी म्हणाले. जशी काही मेथीची जुडी आणायची होती.

चाकूरला कबड्डी खेळणाऱ्या अकरा पोरी सापडल्या. एसटीनं किती खेपा घातल्या, मोजल्या नाहीत. घरोघर एकच भाषण ठोकलं. दोन वर्षं खेळू द्या, शिक्षण कुठं पळून जातं? आया हसायच्या, बाप वर बघायचे, पण पोरी मैदानावर यायला लागल्या. त्यातली एक सगळ्यांत चपळ. ती आली की बाकीच्या दहा यायच्या.

संघांची नावं द्यायची मुदत सोमवारी संपणार होती. शुक्रवारी जेवताना मुलगा म्हणाला, "आई, हिचं नीटच्या क्लासला नाव घातलंय. बाहेरगावची पोरं लातुरात खोल्या करून राहतात, आणि आपली इथं राहून चेंडू अडवून राहिली. आता फुटबॉल बंद."

नातीनं माझ्याकडं पाहिलं. बापाकडं नाही, माझ्याकडं.

चाकुरात अकरा घरी बडबडणारी बाई मी. माझ्या घरात म्हणाले, "बरोबर हाय. आधी शिक्षण. खेळ काय, नंतर बी होतो." मुलाला भ्यायले असते तर निदान सांगायला कारण झालं असतं. मला डॉक्टर नात हवी होती, एवढंच.

रविवारी चाकूरला गेले. त्या चपळ पोरीचा बाप शेतातून नुकताच आला होता. त्यानं चहा ठेवायला लावला, पोरीच्या संमतीच्या कागदावर सही करायला पेन काढला आणि सहज विचारलं, "तुमची नात बी दहावी झाली म्हणं. ती खेळून राहिली ना?"

मी चहाची तारीफ केली.

त्यानं पेनाचं टोपण लावलं. "साखर जास्त तर न्हाई ना झाली, बाई?" रागावला असता तर बरं झालं असतं. पोरगी दारात उभी होती, पायात बूट घालून. ती बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागली.

ती गेली, तसा चाकूरचा संघ गेला. साहेब म्हणाले, "तिनाची लीग होत न्हाई. पुढच्या साली बघू." पुढच्या साली औसाही गळालं. उदगीरच्या बाई मात्र फोन करत राहिल्या. "आपा, बच्चियाँ रोज पूछ रै, मॅच कब है बोलके. क्या बोलूँ?" दोन-तीनदा मी काहीबाही सांगितलं. नंतर त्यांचं नाव दिसलं की फोन उचलायचाच सोडला.

इकडं क्लासमध्ये दर रविवारी परीक्षा. मार्कांवर बॅच ठरते, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. नात पहिलीत बसली. दिवाळीला दुसरीत आली. दारातूनच सांगायची, "आजी, उतरले." संक्रांतीपर्यंत चौथीत. मग तिनं सांगणं सोडलं. क्लासचा मेसेज तिचा बाप वाचायचा आणि फोन पालथा ठेवायचा.

बारावी झाली, पण डॉक्टरकीला नंबर लागला नाही. आता पुन्हा तेच वर्ष, तोच क्लास. परवा संध्याकाळी मी धीर करून म्हणाले, "चल गं, जरा मैदानावर जाऊन येऊ. खेळ घटकाभर."

"कुणासंगं?" तिनं विचारलं.

चिडून नव्हे, अगदी सरळ. मी एकेका पोरीचं नाव आठवायला लागले. तिसऱ्या नावाला अडले, तोवर तिनं पुस्तक उघडलंसुद्धा होतं.