राहूकाळातलं पोटॅशियम

राघोत्तमरावांना सरळ रेघ मारता येत नसे. सहीखालची रेघसुद्धा त्यांची उताराला लागायची. तरीही परदेशातल्या शाळांच्या पुस्तकांत छापलेले शेकडो अणू त्यांच्या हातचे होते, कारण ते अणू काढत नसत, टाइप करत.

२००६ साली मी सांगलीहून चेन्नईला नोकरीला आलो तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. परदेशी प्रकाशकांच्या पुस्तकांचा मजकूर संगणकावर जुळवायचा, पानं लावायची आणि परत पाठवायची, असा आमच्या कंपनीचा धंदा. तयार फायली तपासून वेळेवर रवाना करायच्या हे माझं काम. पहिल्याच दिवशी पाहिलं, तर कोपऱ्यातल्या टेबलावर कपाळाला गोपीचंदन लावलेले, पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ पडद्यावर नुसत्या तिरप्या रेघा आणि महिरपी कंस टाइप करत बसलेले. मी विचारलं, हे काय चाललंय?

"कार्बन," ते म्हणाले.

मला कार्बन कुठे दिसेना. त्यांनी बोट ठेवून ओळी वाचून दाखवल्या. मधे केंद्रक काढ. भोवती एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ. त्यावर दोन ठिपके. मग दुसरं, मोठं वर्तुळ. तीनशेसाठला चाराने भाग आणि येईल त्या त्या कोनावर एकेक ठिपका ठेव. इतकं वाचून त्यांनी एक कळ दाबली, मशीन थोडा वेळ कण्हलं, आणि पडद्यावर कार्बनचा अणू उभा राहिला, जावळ काढलेल्या बाळासारखा गोल आणि स्वच्छ. या भाषेला तिथे सगळे टेक म्हणत. कळ दाबणं म्हणजे रन करणं.

"माउसनं का नाही काढत?" मी विचारलं.

त्यांनी उजवा हात टेबलावरून उचलून माझ्यापुढे धरला. बोटं थरथरत होती. "हात हालतो, मंदारराव. कोड हालत नाही."

राघोत्तमराव तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तिकडे गेले ते गेलेच. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि दोन्हींत भांडण होऊ नये म्हणून दोघींना एकाच वाक्यात नांदवायची त्यांची रीत. मी राहायचो तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, ते दोन गल्ल्या पलीकडे. बसमध्ये आमची सोबत असायची. माणूस लाखात एक. पण एका गोष्टीवरून मी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

ते राहूकाळात कळ दाबत नसत.

रोज दीड तास अशुभ. सोमवारी सकाळी साडेसातला असल्यामुळे कंपनी वाचायची, बाकी वार मात्र आमच्या बोकांडी. शुक्रवारी साडेदहा ते बारा, बुधवारी बारा ते दीड, मंगळवारी तीन ते साडेचार. चेन्नईत हे तोंडपाठ नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही, पण तिथले बाकीचे लोक लग्न, घरभरणी आणि नवी स्कूटर यांपुरतं पाळत. राघोत्तमरावांचं म्हणणं वेगळं.

"राहुकालांत नवें कांही आरंभूं नये. चाललेलें चालूं द्यावें. टाइप करणें चाललेलें काम. कळ दाबणें म्हणजे जन्म. तो नक्को."

"अहो, हायड्रोजन जन्माला आला तेव्हा कुणी पंचांग पाहिलं होतं का?"

"नाही ना? म्हणून जगाची ही अवस्था," ते शांतपणे म्हणाले.

आता अशा माणसाशी काय बोलायचं! माझा स्वभाव मुळातच तापट. घरी आजीने अमावस्येला केस कापू दिले नाहीत म्हणून मी दोन दिवस जेवलो नव्हतो. इथे तर परदेशात फाइल जायची असायची, घड्याळ पुढे पळायचं आणि हे गृहस्थ छापील कोड मांडीवर घेऊन पेन्सिलने वाचत बसायचे. चूल पेटवायची नाही, पण भाजी निवडायला काय हरकत, असं वर मलाच ऐकवायचे.

जूनमध्ये आमचे साहेब नारायणस्वामी यांनी एके दिवशी सगळ्यांना बोलावलं. एका प्रकाशकाचं शालेय रसायनशास्त्राचं मोठं काम येऊ घातलं होतं, सहाशे आकृत्या. आमच्याकडे आकृत्या काढणारे दोन विभाग. एक माउसवाला, त्यात नित्या नावाची चोवीस वर्षांची चलाख मुलगी आणि तिचे चार सोबती. दुसरा कोडवाला, त्यात राघोत्तमराव. दोन विभाग पोसणं परवडत नाही, साहेब म्हणाले. प्रकाशक मंगळवारी दुपारी नमुन्याचा तपशील पाठवेल. दोन्ही विभागांनी पहिल्या वीस मूलद्रव्यांचे अणू काढून संध्याकाळी पाचला पाठवायचे. ज्याचे पसंत पडतील त्याला सहाशेचं काम. दुसरा विभाग बंद.

"बंद म्हणजे?" मी विचारलं.

"राघोत्तमन सार ओरगडमला जातील. तिथे आपलं गोदाम आहे, जुने कागद स्कॅन करायला माणूस हवाय."

तिरुवल्लिकेणीहून ओरगडम म्हणजे बसने जायला दोन तास आणि यायला दोन तास. बरं, तिथे मोटारींच्या कारखान्यांमध्ये एक पत्र्याची शेड, आणि दिवसभर कागद उलटे घालायचे. राघोत्तमरावांना निवृत्तीला चार वर्षं होती. बसमधून उतरताना ते म्हणाले, "स्कॅनरासही कळ असते म्हणे. पण तीतून कांही उपजत नाही."

मंगळवार. वाचकांच्या लक्षात आलंच असेल. तीन ते साडेचार.

तपशील आला अडीचला. कोणत्या वर्तुळात जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन मावतात त्याचा एक तक्ता होता, पहिल्यात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा, आणि ठिपक्यांचा आकार, रेघांची जाडी वगैरे. राघोत्तमरावांनी लगेच टाइप करायला घेतलं. वीस अणू वेगवेगळे लिहायचे नाहीत, एकच आज्ञा लिहायची, तिला फक्त आकडा सांगायचा, बाकी तिने आपणहून वर्तुळं भरत जायची, अशी त्यांची युक्ती. तीनला पाच कमी असताना ते अजून शेवटच्या आठ ओळींवर होते.

"आवरा, आवरा, अजून पाच मिनिटं आहेत!" मी ओरडलो.

तीन वाजले. त्यांनी शेवटचा कंस टाइप केला, फाइल सेव्ह केली, कागदावर छापून घेतली आणि कीबोर्डपासून हात मागे घेतले. तिकडे नित्या खटाखट माउस फिरवत होती. एक अणू झाला की त्याची नक्कल करायची, त्यात एक ठिपका वाढवायचा, की पुढचा अणू तयार. तीन चाळीसला तिची फाइल माझ्याकडे आली आणि ती चहा प्यायला गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी दाबतो कळ. पाप माझ्या माथी!"

"तुम्ही दाबलांत तरी अणू माझाच," ते म्हणाले. मी हात पुढे केला, तर त्यांनी चापट मारली. थरथरत्या हाताची चापट नेमकी बसली.

मग त्यांनी कोडाचे छापील कागद टेबलावर पसरले, एका कोऱ्या कागदावर पेल्याच्या, वाटीच्या आणि डब्याच्या कडेने एकात एक वर्तुळं काढली आणि डबा उघडला. बायकोने, सीतालक्ष्मीबाईंनी, डब्यात सुंडल दिलं होतं, खोबरं घातलेले उकडलेले हरभरे. "मी ओळ वाचतों. तुम्ही मांडा," ते म्हणाले. म्हणजे मशीनने जे करायचं ते मी करायचं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी हरभरे मांडू लागलो. हायड्रोजन, एक हरभरा. हेलियम, दोन. झाला की अणू खायचा. निऑन खाऊन झाला, सोडियम खाल्ला, अठराव्या आर्गॉनपर्यंत दोन, आठ, आठ असं सगळं बिनचूक आलं आणि माझं पोट भरलं.

एकोणिसावं पोटॅशियम. राघोत्तमरावांनी वाचलं, "तिसऱ्या मंडळांत अठरा मावतात. सध्या आठ आहेत. एक शिल्लक. तिथेंच ठेवा." मी नववा हरभरा तिसऱ्या वर्तुळात ठेवला, आणि मला एकदम दहावीचे पाटील सर दिसले. ते पट्टी हातात घेऊन आम्हांला घोकायला लावायचे: पोटॅशियम, दोन आठ आठ एक! दोन आठ आठ एक!

"थांबा," मी म्हटलं, "हे चूक आहे. शेवटचा एक चौथ्या वर्तुळात जातो."

"कां?"

"ते पाटील सरांनी सांगितलं नव्हतं."

राघोत्तमराव भडकले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना चिडलेलं पाहिलं. "हा काय न्याय? आंत अठरा पानांची जागा, आठ जेवायला बसलेत, दहा पानें मोकळीं, आणि नवव्या पाहुण्यास अंगणांत बसवायचें? कोण्या यजमानानें असें केलें?" त्यांनी तक्ता उलटसुलट पाहिला. तक्ता चुकीचा नव्हताच, जागा अठराच होत्या. त्या भरायच्या कधी, एवढंच त्यात लिहिलेलं नव्हतं. ते उठले, कपाटातून गेल्या वर्षी छापलेलं शाळेचं एक पुस्तक काढलं आणि पोटॅशियमचं पान उघडलं. दोन, आठ, आठ, एक.

त्यांनी ठिपके बोटाने पुन्हा मोजले. मग हळूच हसले. "अय्यो! कळलें. दहा पानें वरपक्षासाठीं राखून ठेविलीं आहेत. व्याही येईपर्यंत घरच्यांनी अंगणांतच बसायचें. आमच्या तंजावरांत हेंच करतात." आणि व्याह्यांची सोय म्हणून त्यांनी कोडात एक ओळ वाढवली.

साडेचारला कळ दाबली. मशीन कण्हलं आणि एक चूक दाखवून थांबलं: एक कंस बंद करायचा राहिला होता. मी देवाचं नाव घेतलं, मीसुद्धा. कुठला ते दहा मिनिटं शोधून कंस बसवला, पुन्हा कळ, आणि चार अठ्ठेचाळीसला वीसच्या वीस अणू पडद्यावर रांगेने उभे राहिले. पोटॅशियम दोन, आठ, आठ, एक. कॅल्शियम दोन, आठ, आठ, दोन. मी टाळी वाजवली.

तेव्हा मला आठवलं की नित्याची फाइल माझ्याच मशीनवर आहे. मी उघडून पाहिली. तिने आर्गॉनची नक्कल करून तक्त्याप्रमाणे तिसऱ्याच वर्तुळात ठिपका वाढवला होता. पोटॅशियम, दोन, आठ, नऊ. मी फाइल बंद केली. काही न करता काम फत्ते होतंय, आपण फक्त पाच वाजेपर्यंत थांबायचं, एवढं साधं गणित मला येत होतं.

"नित्याचें पोटॅशियम पाहिलांत काय?" राघोत्तमरावांनी विचारलं.

"तुम्ही तुमचं बघा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यावरून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. ते उठले, चपला अडकवल्या आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला नित्याच्या टेबलाशी गेले. तमिळमध्ये काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण पुस्तकाचं पान दाखवताना दिसले. नित्याने कपाळावर हात मारला आणि माउस धरला. पोटॅशियम आणि कॅल्शियम दुरुस्त करायला तिला चार मिनिटं लागली. पाचला दोन मिनिटं कमी असताना मी दोन्ही फायली पाठवल्या.

बसमध्ये मी फुटलो. "आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात! तिचं पोटॅशियम, तिची जबाबदारी!"

"तें पोर परीक्षेंत नऊ लिहील, मंदारराव, आणि मास्तर त्याचे मार्क कापील," ते म्हणाले. कुठल्या देशातलं कुठलं पोर, देव जाणे.

गुरुवारी उत्तर आलं. दोन्ही नमुने सारखेच चांगले, निवड तुम्हीच करा. साहेबांनी माउसवाला विभाग निवडला, कारण नित्याचं काम तीन चाळीसलाच झालं होतं. नित्या उठून सरळ त्यांच्या खोलीत गेली आणि पोटॅशियमची हकिकत सांगून आली. साहेबांनी राघोत्तमरावांना बोलावून पाठ थोपटली, ओरगडम रद्द केलं, आणि सहाशेच्या सहाशे आकृत्या त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाणार नाहीत असं जाहीर केलं. कोडचा विभाग मात्र बंद तो बंदच. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे तर त्यांनी आपल्या हाताने नेऊन दिलं होतं.

सोमवारी त्यांच्या टेबलावरून मशीन नेलं. ते पेन्सिल आणि छापील आकृत्यांचा गठ्ठा घेऊन बसले होते. मला वाटलं, माणूस खचला असेल. तर मला पाहून म्हणाले, "तपासण्यास राहुकाल नाही, मंदारराव! आतां दिवसभर काम!" आणि हसले. पण हसताना त्यांची बोटं मोकळ्या टेबलावर, जिथे कळ असायची तिथे, आपटत होती.

मी त्यांच्यावर दोन दिवस चिडलेला होतो. जागा घालवली म्हणून, हसतायत म्हणून. तिसऱ्या दिवशी कळलं की राग त्यांचा नव्हता. फायली तपासून पाठवणं हे माझं काम होतं, पगार त्याचाच मिळत होता. नित्याच्या फायलीतला नववा इलेक्ट्रॉन त्यांच्याआधी मी पाहिला होता, आणि मी खुर्चीवरून उठलो नव्हतो.