एका दमात चढ-उतार

आमच्या ह्यांना अख्खी इमारत 'नळवाले' म्हणून ओळखते, आणि ह्यांना त्याचा कोण अभिमान! तीस वर्षांत आपण जोडलेला एकही सांधा गळला नाही, असं हे स्वतःच सगळ्यांना सांगत असतात. आमच्या न्हाणीघरातला नळ तेवढा लग्न झाल्यापासून टपटपतोय. विचारलं की म्हणतात, "घरचाच आहे, बघू कधीतरी."

तर असा हा माणूस गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने आडवा झाला. उठला तेव्हा चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "शिडी बंद. गच्चीवरच्या टाक्यांना हात लावायचा नाही." वर एक प्लास्टिकचं खोकं दिलं. त्यात तीन रंगीत गोट्या, श्वास ओढून त्या वर उचलायच्या. ह्यांनी एकदा उचलल्या आणि खोकं कपाटावर ठेवून दिलं. "मी काय बालवाडीत आहे?"

पुढच्या तपासणीला बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "बरं, मग बासरी वाजवा. सा पासून वरच्या सा पर्यंत आठ स्वर. चढायचं आणि तसंच उतरायचं, एका दमात. तीन महिन्यांनी इथे मला वाजवून दाखवा. जमलं तर शिडी. नाहीतर शिडी कायमची विसरा."

शिडी विसरायची म्हणजे कामच विसरायचं. घरी येताना हे वाटेतल्या प्रत्येक गच्चीवरच्या टाकीकडे मान वर करून बघत होते.

दुसऱ्या दिवशी बासरी विकत आणतील म्हणता? नाव नको! "पाइपच तर आहे," म्हणाले. पीव्हीसीचा अर्धा इंची तुकडा कापला, एका टोकाला टोपी बसवली, पट्टीने मापं घेतली, ड्रिलने भोकं पाडली, कडा कानशीने गुळगुळीत केल्या. मग टोपीला साबणाचं पाणी लावून हवा निसटते का तेही बघितलं.

"एक थेंब गळणार नाही," म्हणाले.

"अहो, बासरी आहे ती. थेंब कशाला गळेल?"

"तू शिवण बघ."

मी घरीच कपडे शिवते. खिडकीपाशी माझं मशीन, आणि समोर स्टुलावर हे. रोज सकाळी चहा झाला की फूं फूं सुरू. पहिला आठवडा नुसती हवा. दुसऱ्या आठवड्यात सा लागला आणि ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. मग रे, ग, म करत गाडी पुढे सरकली. पण ऐकताना माझ्या दाढा शिवशिवायच्या. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी एवढं कळत होतं की ह्या जिन्याची एक पायरी वाकडी आहे.

शेवटी वरच्या मजल्यावरचे मास्तर उतरले. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. चपला घालायलाही न थांबता नुसत्या मोज्यांवरच आले होते, म्हणजे बघा.

"नळवाले, हात जोडतो. तो म काय करताय?"

"का? काय झालं?"

मास्तरांनी पाइप उलटासुलटा करून पाहिला. "ही भोकं कुठल्या हिशेबाने पाडलीत?"

"बरोबर एकेक इंचावर," हे छाती काढून म्हणाले. "केसाचा फरक काढून दाखवा!"

"तेच तर चुकलंय हो! स्वर काही एकसारख्या अंतरावर राहत नाहीत. ग आणि म अगदी जवळ असतात. नी आणि वरचा सा पण तसेच."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीस वर्षं पट्टी लावून काम केलेला माणूस. "वेडंवाकडं काम मला जमत नाही," म्हणाले. मास्तर म्हणाले, "मग शिका." आणि खुणा करून दिल्या.

दुसरा पाइप झाला. आता ग आणि म जवळ आले, तर ह्यांची जाडजूड बोटं एकमेकांना ढकलायला लागली. पण चढण सरळ झाली. माझ्या दाढांची शिवशिव थांबली. खरी पंचाईत उतरताना व्हायची. वरचा सा गाठेपर्यंत सगळं छान, मग नी, ध, प असे घाईघाईने खाली यायचे आणि ग पाशी दम संपायचा. खोकला, लाल डोळे, पाणी.

"अहो, सावकाश! मागे कुत्रं लागलंय का?" मी म्हणायचे.

"तू शिवण बघ."

शिवण कसली बघते? हे वाजवायला लागले की माझं मशीन आपोआप थांबायचं. खरं सांगू? मला स्वरांशी काही देणंघेणं नव्हतं. दवाखान्यात ह्यांच्या छातीत जी घरघर ऐकली होती, ती परत येते का, एवढंच मी ऐकत असायचे. चिडवत होते ते वरवर. आतून जीव टांगणीला लागला होता.

तीन महिने भरले. आदल्या दिवसापर्यंत ग च्या खाली एकदाही उतरले नव्हते. दवाखान्यात बाई समोर, मी बाजूच्या खुर्चीवर. ह्यांनी पिशवीतून पाइप काढला, आणि काय केलं असेल? खुर्ची गर्रकन फिरवून माझ्याकडे चक्क पाठ केली! समोर भिंतीवर फुप्फुसांचं चित्र होतं, त्याच्याकडे बघत बसले. मला असा राग आला! तीन महिने मी ऐकलं, आणि आज भिंत जवळची?

सा. रे. ग, म. हे निवांत चढले. वरचा सा बारीक, पण स्वच्छ. मग नी. ध. प. कसली घाई नाही. म. माझ्या मुठी वळल्या. ग. इथेच अडतं. रे आला. आणि मग शेवटचा सा, कापरा, पण आला! आला हो!

बाई टाळी वाजवणार, तेवढ्यात मलाच जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, चेहरा लालबुंद. बाई स्टेथोस्कोप घेऊन माझ्याकडे धावल्या.

"तिला काही झालं नाहीये," हे खुर्ची वळवत म्हणाले. "मी वाजवायला लागलो की ही श्वास धरून बसते. रोज. मशीन थांबलं की मला कळायचं."

मला स्वतःला कधी कळलं नव्हतं.

"मग मला घाई व्हायची ना, डॉक्टर. लवकर खाली उतरलो नाही तर ही गुदमरेल, असं वाटायचं. म्हणून आज बघितलंच नाही हिच्याकडे."

बाईंनी कागदावर 'शिडी चालेल' असं लिहिलं. मी पदराने डोळे पुसत होते.

"हं," हे म्हणाले, "आता घे श्वास."