नागाव नावाची दोन गावं

आमच्या गावाचं नाव नागाव. उरणचं. हे 'उरणचं' शेपूट लावायची सवय आम्हाला लहानपणापासून असते, कारण नुसतं नागाव म्हटलं की समोरचा लगेच खूश होऊन विचारतो, "अरे वा, बीचवाल्या?" त्याला म्हणायचं असतं अलिबागकडचं नागाव, जिथं शनिवार-रविवारी पाण्यावरच्या स्कूटर उडतात. बीच आमच्याकडेही आहे, पण ते कुणाला ऐकायचं नसतं. भिवंडीकडे म्हणे आणखी एक नागाव आहे, कोल्हापूरकडेही एक. आमच्याच गावातल्या क्रिकेटच्या टीमचं नाव नागाव, अलिबागच्या टीमचंही नागाव, आणि तालुक्याबाहेरच्या स्पर्धेत दोघांची गाठ पडली की कॉमेंट्री करणारा गोंधळून दोन्हीकडच्या धावा एकाच्याच नावावर टाकतो.

माणसांचंही तेच. माझ्या वडिलांचं नाव आणि आडनाव जसंच्या तसं असलेली आणखी दोन माणसं गावात होती. नात्याची नव्हेत, निव्वळ नावाची. म्हणून आमच्या बाबांना गावात मिठागरवाला म्हणत, कारण आजोबा मिठागरात होते. दुसऱ्याला क्रेनवाला म्हणत. तिसरा वारला, तरी त्याला धरूनच मोजायचे. पूर्वजांना नावं सुचतच नसत की काय कोण जाणे. शेजारच्या पोराला जे ठेवलं तेच उचलून आपल्या पोराला ठेवायचं आणि मोकळं व्हायचं.

चारएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा इथल्याच एका शाळेत शिकवत होते आणि घरच्यांच्या मते लग्नाचं वय उलटून चाललं होतं. माझी आत्या पनवेलला असते. तिला कुणाची लग्नं जुळवल्याशिवाय चैन पडत नाही. महिनाभर ती फोनवर सांगत होती, "ठाण्याकडचं एक स्थळ बघून ठेवलंय. कधीही येतील, तयारीत राहा." तयारीत राहायचं म्हणजे काय, हे तिनं सांगितलं नाही. मी रोज साडी नेसून चहाची पूड हातात घेऊन बसावं, अशी तिची कल्पना असावी.

रविवार होता. मी पडवीत गाऊनवर ओढणी टाकून करंदी, म्हणजे बारकी कोलंबी, सोलत बसले होते. समोर एक मोठी पांढरी गाडी थांबली. त्यातून एक बाई उतरल्या, त्यांचे यजमान उतरले, एक मुलगा उतरला आणि सगळ्यांच्या पुढे, हातात मोबाईल धरून, मुलाचा मामा उतरला. नाक्यावरचा टपरीवाला त्यांना रस्ता दाखवायला मोटरसायकलवर पुढे आला होता. त्यानं बाबांचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली आणि म्हणाला, "पावनं हायेत. पोरगी बघायला आलंत." नंतर कळलं, त्यांनी नाक्यावर हे नाव सांगितल्यावर त्यानं विचारलं होतं, "यातला कुठला? क्रेनवाला का मिठागरवाला?" ते म्हणाले, ज्यांची मुलगी लग्नाची आहे ते. क्रेनवाल्याला दोन्ही मुलगेच. झालं, टपरीवाल्यानं सोडवलं गणित.

बाबांना वाटलं आत्याचं ठाण्याचं स्थळ. त्यांनी विचारलंही, "ठाण्याहून?"

"हो, ठाण्याहूनच," मामा म्हणाले. "तासभर आधीच पोचलो. मी म्हणत होतो ना, रस्ते आता फार छान झालेत. लोकांना उगाच तीन-साडेतीन तास लागतात, गाडी चालवता येत नाही म्हणून."

आईनं मला आत ढकललं. हात तीनदा साबणानं धुतले तरी करंदीचा वास जात नव्हता. साडी नेसताना बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

मामांनी घरावरून नजर फिरवली असावी. म्हणाले, "वाडी कुठल्या बाजूला तुमची?"

"वाडी पलीकडं हाय, तलावाच्या वर," बाबा म्हणाले. "आम्ही गावातच राहतो पयल्यापासून."

आमच्याकडे तलावापलीकडच्या वस्तीला वाडी म्हणतात. मामांना नारळ-सुपारीची वाडी हवी होती. दोघांचंही समाधान झालं.

"आणि खोल्या किती दिल्यात भाड्यानं?"

"दोन. कंपनीतली पोरं राहतात."

"म्हणजे बारमाही बुकिंग," मुलाची आई आपल्या यजमानांना म्हणाल्या. यजमानांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी मान हलवण्यापलीकडे काहीही केलं नाही. अशी माणसं लग्न जुळवायच्या बैठकीला का नेतात, मला समजत नाही. बहुधा खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून.

मग मामांनी विचारलं, "सुपारीचं यंदा कसं काय?"

बाबा एकदम सावध झाले. आमच्याकडे सुपारी म्हणजे सुपारी फुटणं, लग्न ठरणं. ते म्हणाले, "सुपारीची एवढी घाई कशाला? आधी पोरा-पोरीला बोलू दे."

मंडळी खो खो हसली. सासरा गमत्या मिळाला, असं त्यांना वाटलं. बाबाही हसले, कशाला ते त्यांना कळलं नव्हतं.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. हे मी यापूर्वीही केलं होतं आणि दरवेळी स्वतःची थोडी चीड आली होती. मुलाच्या आईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मग नाक किंचित वर केलं. "रविवारी मासळी असतेच वाटतं तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

"असते," मी म्हणाले.

"आमच्याकडे पण चालतं. पण वास येत नाही."

वास न येणारी मासळी ठाण्यात कुठं मिळते, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. आईनं डोळे वटारले.

मुलाला आणि मला बोलायला म्हणून अंगणात पाठवलं. तो पडवीच्या कठड्याला टेकून उभा राहिला. दिसायला बरा होता. पहिल्या वाक्यापासून मला अगं-तुगं करत होता.

"शाळा सोडशील ना लग्नानंतर?"

"का?"

"तसं नाही, पण वीकेंडला इकडचा बिझनेस बघायला कुणीतरी लागेल. तुझ्या बाबांचं वय झालं. मी म्हणतो, रूमला एसी लावले तर रेट दुप्पट होईल."

आमच्या भाड्याच्या खोल्यांत तेव्हा एक फिटर आणि एक सुपरवायझर राहत होते. त्यांना एसी लावायचा विचार कुणाच्या स्वप्नातही आला नव्हता. मला वाटलं, हा वेडा तरी आहे किंवा फार पुढचा विचार करणारा. मी म्हणाले, "तुम्हाला मुलगी बघायची आहे की खोल्या?"

तो हसला. माझा प्रश्न त्याला लाडिक वाटला.

आम्ही आत आलो तेव्हा मुलाच्या आईनं पेढ्यांचा बॉक्स आईच्या हातात दिलेला होता. आईनं तो देवापुढे ठेवला होता. बैठक रंगात आली होती आणि मामा बाबांना जमिनीत पैसे कसे गुंतवावेत हे समजावून सांगत होते. ज्या माणसाच्या बापाची जमीन बंदरासाठी गेली त्याला जमिनीतलं गुपित सांगायचं, म्हणजे धारिष्ट लागतं. बाबा मुकाट ऐकत होते. पाहुण्यापुढे ते नेहमीच असे.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला, कारण मोठ्या लोकांना फोन कानाला लावायचा कंटाळा असतो.

"कुठवर आलात?" पलीकडून त्यांच्या मध्यस्थाचा म्हातारा आवाज म्हणाला. "मी इथं यांच्याकडे येऊन बसलोय. पोहे तयार आहेत."

"अहो, आम्ही केव्हाच पोचलो," मामा म्हणाले. "पोहे खाऊन झाले. तुम्ही कुठं आहात?"

"नागावला."

"आम्ही पण नागावलाच."

मग म्हाताऱ्यानं विचारलं, "वाटेत वडखळ लागलं का तुम्हाला? अलिबाग लागलं?"

मामांनी मोबाईलकडे बघितलं, जसं काही तो मोबाईल त्यांच्याशी दगाबाजी करून बसला होता. मुलगा उठून उभा राहिला. त्याचे वडील मान हलवायचे थांबले.

मुलाच्या आईनं माझ्याकडे बोट केलं आणि आपल्या भावाला विचारलं, "म्हणजे ही ती नव्हे?"

"नव्हे बहुतेक."

"मग हे लोक कोण?"

आमच्या घरात, आमच्या खुर्चीत बसून, आमचे पोहे खाल्लेली बशी हातात धरून त्या विचारत होत्या, हे लोक कोण. मी उत्तर देणार होते. पण बाबाच बोलले. "आमचं पण नाव तेच हाय," ते ओशाळून म्हणाले. खरं तर ओशाळण्यासारखं त्यांनी काहीच केलं नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते पाच मिनिटांत झालं, पण माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. जी माणसं आत्तापर्यंत 'आपलं घर' म्हणून पाय पसरून बसली होती, ती खुर्चीच्या कडेवर आली. मुलाच्या आईनं पदर सावरला. आणि मग आईला म्हणाल्या, "ते पेढे जरा देता का? त्यांच्यासाठी आणले होते. आता वाटेत परत कुठं शोधणार."

आईनं देवापुढचा बॉक्स उचलून आणला, त्यांच्या हातात दिला, आणि वर त्यांना हळदीकुंकू लावलं. सवाष्ण उंबऱ्यातून तशीच जाऊ नये म्हणून. त्यांनी कपाळ पुढे केलं, पण बॉक्सवरची पकड काही सैल केली नाही.

मामा दारात चपला घालताना तणतणत होते. "एकाच जिल्ह्यात एकाच नावाची दोन गावं ठेवायची म्हणजे कमाल आहे. नाव बदलून घेता येत नाही का तुम्हाला?"

"आम्ही कशाला बदलू," बाबा म्हणाले. "आम्ही इथंच होतो. चुकून तुम्ही आलात." मग त्यांनाच वाईट वाटलं आणि ते म्हणाले, "गाडी इथं ठेवा. करंज्याहून लाँच पकडा, रेवसला उतरा, तिथून रिक्षा मिळंल. पेणवरनं गेलात तर संध्याकाळ होईल."

मामा म्हणाले, गाडी अशी अनोळखी माणसांकडे सोडून कसं जायचं. नुकतेच त्याच माणसांशी सोयरीक करायला निघाले होते.

मुलगा गाडीत बसता बसता मला म्हणाला, "सॉरी हां, मॅप चुकला." मी मान वळवली.

गाडी गेल्यावर आई पडवीत येऊन उरलेली करंदी सोलायला बसली. मी तिच्याजवळ बसले. तिनं मूठभर करंदी सोलली. मग म्हणाली, "बाय, माझ्या देवापुढचं उचलून नेलं गो." तिचे डोळे भरले होते. मला त्या बाईचा इतका राग आला की हातातली करंदी चिरडली गेली.

मी त्याच वेळी सांगून टाकलं, यापुढे मी कुणापुढे ट्रे घेऊन जाणार नाही. ठाण्याचं असो, पुण्याचं असो. आईनं विरोध केला नाही. संध्याकाळी बाबांनी आत्याला फोन लावला तेव्हा कळलं, तिच्या स्थळानं अजून तारीखच दिली नव्हती. उलट तीच आमच्यावर चिडली. म्हणाली, न विचारता कुणालाही घरात कसं घेता. आत्याचं हे असंच, चूक कुणाचीही असो, रागवायचं काम तिचं.

तीन आठवड्यांनी मामांचा बाबांना फोन आला. नंबर कुठून मिळवला देव जाणे. आवाज मधासारखा. "त्या दिवशी जरा गडबडच झाली," ते म्हणाले. "तिकडचं काही जमलं नाही. त्यांच्या मुलीनंच नकार दिला, आजकालच्या मुली. पण आमच्या मुलाच्या मनात तुमची मुलगी भरली आहे. खोल्या वगैरे आहेतच तुमच्या. पुढचं बोलू या का?"

बाबांनी मला विचारलं नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि फोनमध्ये म्हणाले, "न्हाय. आमच्या खोल्यांत पोरं राहतात, त्यांना उठवता यायचं न्हाय." आणि फोन ठेवून दिला. आयुष्यात पाहुण्याला नाही म्हणालेले बाबा मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

अलिबागच्या त्या मुलीला मी कधी भेटले नाही, पण तिचा मला अभिमान वाटला. तिनंही अंगणात एसीचं ऐकलं असणार.

माझं लग्न पुढे दोन वर्षांनी झालं. तो आमच्याच शाळेत गणित शिकवायचा. त्याच्या घरचे कुणी बघायला आले नाहीत, तोच एकदा शाळा सुटायच्या आधी बाबांना भेटायला घरी गेला. माझा दादा बंदरावर ट्रेलर चालवतो, त्याचा ट्रेलर दारात उभा होता आणि त्याचं एक चाक काढून ठेवलं होतं. मी घरी पोचले तेव्हा तो आणि बाबा त्या चाकापाशी उकिडवे बसून टायर रिमोल्ड करावा की नवा घ्यावा याची चर्चा करत होते. बाबांनी वर न बघता सांगितलं, "पाना दे गो जरा."