युनूसभाईंच्या नावाखाली

युनूसभाई गेल्याचं मला कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. खाली पहिले जोडलेले हात आमच्या मालकांचे होते. ते बघून मला रडू आलं नाही, संताप आला... महिना उलटला तरी तो उतरत नाही.

पंपाच्या मोटारीचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह आम्ही सोलापुरात बनवतो. त्यातले भाग किती टिकतील हे आधीच सांगणं युनूसभाईंचं काम. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. भाग तापवायचा, गार करायचा, पुन्हा तापवायचा, अगदी जीव जाईपर्यंत. मालकांनी ड्राइव्हमध्ये वीज साठवणारे कपॅसिटर स्वस्तातले आणले तेव्हा कागदावर त्यांचं आयुष्य भरपूर होतं, पण ते थंड खोलीतलं. युनूसभाईंनी ड्राइव्ह पत्र्याच्या पेटीत घालून मे महिन्यात गच्चीवर ठेवला, उजनीकाठी पंपाशेजारी असतो तसा. कपॅसिटर फुगले. "सायेब, दुसरा उन्हाळा काढणार न्हाईत हे. ऐन गरजेला केळीचं पाणी तुटंल," ते म्हणाले. मालक सगळ्यांदेखत हसले, "तू इंजिनिअर हायस का ज्योतिषी?"

दुसऱ्या उन्हाळ्यात ड्राइव्ह परत येऊ लागले. मालकांनी डीलरांना खुशाल सांगितलं, की युनूसनं तपासणीच नीट केली नव्हती. त्यांना घरी बसवलं. त्यानंतर या गावात त्यांना कुणी काम दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल. मी मालकांना खुनी म्हणत नाही, पण माफही करणार नाही.

शोकसभेत मालक गहिवरले आणि टेस्टिंगच्या खोलीला युनूसभाईंचं नाव जाहीर करून बसले. युनूसभाईंच्या पत्नी रझियाभाभी माझा हात धरून म्हणाल्या, "त्याच्या हातनं नको गं ते नाव. काढायला सांग की."

"ऱ्हाऊ द्या भाभी," मी म्हणाले. "मला लागणार हाय ते."

पाटी लागली. आता मी लिहिते त्या तपासणी अहवालाच्या माथ्यावरही नाव छापून आलं. मागच्या आठवड्यात मालक नव्या ड्राइव्हचा निवडून काढलेला नमुना स्वतः घेऊन आले. युनूसभाई असला नमुना कधी घ्यायचे नाहीत. गोदामात जाऊन मधल्याच खोक्यात हात घालायचे. मीही तेच केलं. ड्राइव्ह तापवला, गार केला, तापवला... गेला.

नापास मालाच्या अहवालावर मालकांची सही लागते. ते बराच वेळ वरचं नाव बघत बसले. "बाई, जरा सांभाळून घ्या की," म्हणाले.

मी पेन पुढे केलं.