फोटोपुरती पंगत

"फोटो झाला. आता तू तिकडं बस," ताई म्हणाल्या.

कोळवणला त्यांच्या फार्महाऊसवर समतेची पंगत होती. ताई पुण्याच्या, गावात सुधारणेचं काम करायच्या. मी त्यांच्याकडं धुणीभांडी करायची. मी मांगवाड्यातली, म्हणून मला मुद्दाम सरपंचाशेजारी बसवलं. फोटो निघाला. मग माझं वाढलेलं ताट उचलून गोठ्याकडं नेऊन ठेवलं. बाकीची पंगत जेवत राहिली. मी तिथं जाऊन जेवले. हो, जेवले. भूक होती.

त्याच आठवड्यात शकूआक्का माझ्या घरी आल्या. पाटलांच्या घरातल्या विधवा. ख्रिस्त धरला म्हणून दिरांनी वेगळं काढलेल्या. मी जेवत होते. त्या टेकल्या आणि सरळ माझ्या ताटातली भाकर मोडली. मी ताट ओढलं.

"आक्का, उष्टं हाय."

"असू दे. ज्यानं चेल्यांचं पाय धुतलं त्याला मी देव मानती. तुज्या ताटाला नाक मुरडून त्याच्याम्होरं कशी जाऊ?"

दार लावलेलं होतं. बघायला कुणी नव्हतं. तरी त्या जेवल्या.

तेव्हा कळलं. ताईंची समता लोकांच्या नजरेवर उभी. नजर हटली की ती बसते. आक्कांना मला वर आणायचं नव्हतं. देवानं आम्हा दोघींना आपल्याच रूपात घडवलं, हे त्यांना आतून पटलेलं. त्यांच्या लेखी मी खाली नव्हतेच. जी सुधारणा अशा विश्वासातून निघत नाही ती कॅमेऱ्यापाशी संपते.

पुढच्या पंगतीला ताईंनी बोलावलं. मी म्हणाले, "जेवीन तर शेवटपर्यंत शेजारी. न्हाईतर न्हाई."

काम गेलं. मी आक्कांबरोबर प्रार्थना सुरू केली, माझ्याच घरात. वस्तीतल्या बाया येऊ लागल्या. मग आक्कांची गवताची गंज जळाली. कुणी पेटवली, सगळ्यांना ठाऊक. सरपंच दारात येऊन हळू आवाजात बोलला, "बाटवाबाटवी बंद कर. येत्या रविवारी चार माणसं दिसली तर घर ऱ्हायाचं न्हाई."

ताईंना फोन केला. "थोडे दिवस थांब ना," त्या म्हणाल्या. "मला गावात काम करायचंय."

आज रविवार. वस्तीच्या तोंडाशी सरपंचाची जीप उभी आहे, इंजिन चालू. आत किती जण आहेत, दिसत नाही. चार बाया आल्यात, बाकीच्यांनी दारं लावून घेतली. आक्का जीपला वळसा घालून काठी टेकत येतायत.

मी सतरंजी घरात अंथरली नाही. अंगणात अंथरली. जीपचं दार उघडलंय. मी उठणार नाही.