साखरकाकूंचं पहिलं भांडण

साखरकाकूंचं आणि त्यांच्या नवऱ्याचं आयुष्यात एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि ही गोष्ट सांगायची संधी काकू सहसा सोडत नसत. तसबिरीला काच बसवायला आलेल्या गिऱ्हाइकाने "तुम्ही दोघं दिवसभर दुकानात एकत्रच असता का?" एवढं विचारलं की झालं. काकू गल्ल्यावरून मान वर करत आणि म्हणत की हो, दिवसभर, आणि तरी आजवर वाकडा शब्द नाही. हे अर्धंच खरं होतं. काकूंच्या नवऱ्याचा, म्हणजे फ्रेमवाल्यांचा, आवाज चढायचा, चांगला रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतका चढायचा. पण काकू त्याला भांडण म्हणत नसत. त्या म्हणत, साखर कमी झालीय.

फ्रेमवाल्यांना ऐन तरुणपणात मधुमेह झाला होता, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागणारा. इन्सुलिन थोडं जास्त झालं किंवा जेवण लांबलं की रक्तातली साखर खाली जायची, आणि ती खाली गेली की या गरीब स्वभावाच्या माणसाचा एकदम जमदग्नी व्हायचा. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी नव्या सुनेला स्वयंपाकघर दाखवलं, कुठला नळ गळतो ते दाखवलं, आणि शेवटी साखरेचा डबा हातात देऊन सांगितलं की तो चिडला तर आधी साखर दे, मग काय बोलायचं ते बोल.

काकूंनी ते ऐकून घेतलं, पण मनावर घेतलं नाही. पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी फ्रेमवाले एका गिऱ्हाइकावर भडकले, खिळा तिरका गेला म्हणून. खिळा त्यांनी स्वतःच ठोकला होता. काकू नवीन, नवऱ्याला चारचौघांत थांबवायचं कसं, म्हणून गप्प उभ्या राहिल्या. बोलता बोलता ते टेबलाशेजारी कोसळले, भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचांपासून हातभर अंतरावर. ते शुद्धीवर आल्यावर काकूंनी पहिलं काम केलं ते साखरेचा डबा दुकानात आणून ठेवण्याचं.

तेव्हापासून साखर सगळीकडे असायची. गल्ल्याखाली डबा, पर्समध्ये पुडी, उशाशी साखरपाण्याचा पेला. गल्लीने साखरकाकू असं नाव ठेवलं ते तेव्हाचंच. बाबा ओरडले की लेक हातातली वही टाकून चमचा आणायला पळायची. पुढे बोट टोचून साखर बघायचं यंत्रही घरात आलं, नाही असं नाही. पण काचेने आधीच चरे पडलेली बोटं आणखी टोचून घ्यायला फ्रेमवाले कुरकुरत, आणि काकूंना तेवढा धीर कुठला? यंत्र काढा, पट्टी लावा, थेंब दाबा, तोवर माणूस पडला तर? त्यामुळे आधी पेला, मग बाकीचं. आणि पेला रिकामा झाला की फ्रेमवाले खरोखर शांत व्हायचे. दर वेळी व्हायचे. काकूंना आणखी वेगळा पुरावा कशाला हवा होता?

मग लेकीने सेन्सर आणला. ती नोकरीमुळे दुसऱ्या शहरात राहायची; सुट्टीला आली तेव्हा तिने बाबांना बाही वर करायला लावली आणि दंडाच्या मागच्या बाजूला एक पांढरी चकती चिकटवून टाकली, कोटाच्या बटणापेक्षा जरा मोठी. तिच्याखाली केसासारखी एक बारीक तार कातडीत जाते. दोनेक आठवडे झाले की जुनी काढायची, नवी लावायची. फोन उघडला की साखरेचा आकडा दिसतो आणि शेजारी बाण, साखर वर चाललीय की खाली की जागेवर आहे ते सांगणारा. फार खाली गेली तर फोन ओरडतो. आणि हे सगळं लेकीला तिच्या गावी बसून तिच्या फोनवरही दिसतं.

काकूंना ती चकती मेली पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तोंडाने त्या काही बोलल्या नाहीत, पण घरात सवत आल्यासारखं वाटत राहिलं. कपाळावरचा घाम, ओठांचा रंग, फूटपट्टी शोधताना होणारी चिडचिड, हे सगळं इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बघितलं, आणि आता ते एक बटण बघणार. फ्रेमवाले मात्र शाळेत बक्षीस मिळाल्यासारखे खूश. काम करता करता फोन काढायचे आणि समोर कोण आहे हे न बघता "एकशे दहा, बाण आडवा" असं जाहीर करायचे. गिऱ्हाईक बिचारं फ्रेमचंच काहीतरी असेल म्हणून मान डोलवायचं.

पहिली चकती संपल्यावर दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवसांचा आलेख पडद्यावर मोठा करून पाहिला. साखर खाली गेलेल्या जागा थोड्याच होत्या. पण मध्ये मध्ये उंचवटे होते, जेवणाची वेळ नसताना साखर सरळ वर गेलेली. त्यांनी विचारलं की या वेळी काय खाल्लंत? डोळ्यांच्या पडद्यावर थोडी खराबी सुरू झालेली दिसतेय, म्हणून विचारते, असंही म्हणाल्या.

एक उंचवटा रविवार दुपारचा होता. काकूंना ती दुपार लख्ख आठवली. माळ्यावरच्या जुन्या चौकटी भंगारात द्यायला त्यांनी खाली काढल्या होत्या, फ्रेमवाले "हात लावू नकोस त्यांना" म्हणून ओरडले होते, आणि सवयीने काकूंनी पेला पुढे केला होता. फोन त्यांच्याच खिशात होता. त्यात बघावं हे काकूंना सुचलं नाही. फ्रेमवाल्यांनी पेला घेतला आणि निमूट पिऊन टाकला.

"चहा असेल," फ्रेमवाले डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "दुकानात होतो एखादा जास्तीचा."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यभर बिनसाखरेचा चहा प्यायला होता, आणि आता धडधडीत खोटं बोलत होता. घरी येईपर्यंत काकू दोन पावलं पुढेच चालत राहिल्या. वळून त्यांच्याकडे बघितलं असतं तर रस्त्यातच रडू फुटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात लेकीचा फोन आला. दुकान आवरा आणि आमच्याकडे राहायला या, असा तिचा कधीपासूनचा लकडा होता. खालची खोली रिकामीच होती. काकू दर वेळी बघू म्हणायच्या. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "येतो. महिनाअखेरीला दुकान बंद करून टाकतो." आणि फोन ठेवला.

फ्रेमवाले मागे टेबलावर काच कापत होते. त्यांनी हिरकणीच्या कटरची रेघ शेवटपर्यंत ओढली, टेबलाच्या कडेवर काच हलकेच मोडली, दोन्ही तुकडे नीट बाजूला ठेवले आणि मग वळले.

"मला विचारलंस?"

फ्रेमवाल्यांचा आवाज चढला. दुकान त्यांचं, हात त्यांचे, आणि बंद करायचं ते त्यांना फोनवरचं बोलणं ऐकून कळायचं, ही काय तऱ्हा झाली? काकूंचे हात तोवर कामाला लागले होते. पेला, पाणी, तीन चमचे. ढवळत ढवळतच त्या टेबलापाशी पोचल्या.

फ्रेमवाल्यांनी पेला घेतला नाही. खिशातून फोन काढून काकूंच्या समोर धरला.

"एकशे चोवीस. बाण आडवा. नीट बघ. हा साखरेचा राग नाही. हा माझा आहे."

काकू पेला धरून तशाच उभ्या. मग फ्रेमवाले जे बोलायला लागले ते थांबेचनात. आईच्या पश्चात तिच्या खोलीत भाडेकरू ठेवला, तेव्हा ते नको म्हणाले होते. त्यांना पेला मिळाला होता. पोरीला इतक्या लांबच्या कॉलेजात घालू नको म्हणाले होते. पेला मिळाला होता. दुकानाची पाटी बदलायची नव्हती, पेला. रविवारच्या चौकटी तर परवाच्या. इतक्या वर्षांत या घरात त्यांना एकदाही धड नाही म्हणता आलं नव्हतं. दर नकाराला दोन घोट साखरपाणी.

"मग पीत का होतात?" काकूंनी विचारलं. "सांगायचं ना, की मला काही झालेलं नाही म्हणून."

"तू पेला घेऊन यायचीस तेव्हा तुझे हात थरथरत असायचे," फ्रेमवाले म्हणाले. "आधी ते थांबवावेत असं वाटायचं. मग राग राहायचा नाही."

यावर एखादी बाई विरघळली असती. काकू संतापल्या. इतका संताप आपल्या अंगात कुठे बसला होता हे त्यांचं त्यांनाच कळेना. म्हणजे माझ्या हाताने नको ती साखर प्यायलात, डोळे खराब करून घेतलेत, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत? वर काल दवाखान्यात मला पाठीशी घालून खोटं बोललात? आणि माझ्या भावाला जेवणाच्या ताटावर नाही नाही ते बोललात, मागाहून साखरेवर ढकलून मोकळे झालात, ती साखरच होती का? फ्रेमवाल्यांनी खाली बघितलं. ती साखर नव्हती.

समोरच्या लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि दारात येऊन उभा राहिला. दोघांनाही सवय नसल्याने भांडण फार वाईट चाललं होतं. भावावरून पाटीवर, पाटीवरून भाडेकरूवर, आणि मध्येच काकूंना हुंदका.

"मला दुकान नकोसं नाही झालेलं," त्या शेवटी म्हणाल्या. "मला तुमच्यावर लक्ष ठेवायला आणखी कुणीतरी हवंय. तीस वर्षं मी सलग झोपलेले नाही. कूस बदललीत तरी उठून हात लावून बघते. दमले मी."

इतक्यात फोन वाजला. लेक. बाबांचा आकडा वर चाललेला दिसतोय, काय झालं म्हणून विचारत होती.

"भांडतोय आम्ही," काकू म्हणाल्या. "नंतर कर."

फोन ठेवून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हा चेहरा त्यांनी दिवसातून कितीदा बघितला असेल याला गणती नव्हती. पण तो घामासाठी, ओठांच्या रंगासाठी. हा माणूस रागावल्यावर कसा दिसतो, ते त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. भुवया पोरासारख्या वर जात होत्या. काकूंनी पेला टेबलावर ठेवला.

"तुम्हाला जायचंय का तिच्याकडे राहायला?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत थांबल्या.

फ्रेमवाल्यांनी वेळ घेतला. "नाही," ते म्हणाले. "हात चालतोय तोवर नाही. पण तू जा. आठवडाभर जा आणि झोप."

काकू त्यांना सोडून एक रात्रही कुठे राहिल्या नव्हत्या. जायच्या आधी त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना उंचवट्यांचं खरं काय ते सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. आकडा दिसत नव्हता तोवर शंका आली की साखर देणं बरोबरच होतं, म्हणाल्या. एकदा जरी दिली नसती आणि ते पडले असते तर? आता आधी आकडा बघा. आकडा दिसत नसेल, किंवा पटत नसेल आणि बोट टोचायला वेळ नसेल, तर पूर्वीसारखीच साखर द्या. काकू बाहेर येऊन बाकड्यावर थोडा वेळ बसून राहिल्या, आणि मग त्यांना रडू आलं ते बरं वाटून आलं. दुकानाची एक किल्ली लॉन्ड्रीवाल्याला दिली आणि डब्याची जागा सांगून ठेवली. तसंही त्याने सगळं ऐकलंच होतं.

लेकीकडे पहिली रात्र काकू फोन छातीशी धरून पडल्या होत्या. दुसऱ्या रात्री लेकीने तो काढून घेतला. फोन ओरडलाच तर मी उठेन, मी आणायचे ना चमचा, म्हणाली. काकू झोपल्या त्या ऊन खोलीत भरेपर्यंत उठल्या नाहीत. पुढचे दिवस त्या फक्त झोपत होत्या, जेवत होत्या आणि पुन्हा झोपत होत्या.

मग एका सकाळी फ्रेमवाल्यांचा फोन आला, आणि आवाज टिपेला. तसबिरीच्या मागच्या पितळी कड्या कुठे ठेवल्यास? गिऱ्हाईक दारात उभं आहे. प्रत्येक वस्तू तुझ्या मनाच्या जागी. आणि आठवडा म्हणजे तुझ्या हिशेबाने किती दिवसांचा असतो?

काकूंनी आधी लेकीचा फोन ओढून घेतला. एकशे सोळा, बाण आडवा. लेक नुसत्या खुणेने विचारत होती, साखर? काकूंनी मान हलवली. नाही, हा राग त्यांचाच होता, सगळाच्या सगळा. तो ऐकता ऐकता काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी नवऱ्याला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"कड्या तुमच्या डाव्या हाताच्या खणात आहेत," त्या म्हणाल्या. "आणि मलाही करमत नाहीये."

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला.

"झोप पुरी झाली का?" फ्रेमवाल्यांनी विचारलं. "झाली असेल तर ये."