पाझरणारी थाळी

आमच्या साती टाक्या कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या आणि मालक मला विचारत होते, "मॅडम, कपाटं पाण्याशिवाय धुता येतात का?"

लातूरच्या एमआयडीसीत आमचं लोखंडी कपाटांना पावडर कोटिंग करायचं छोटं वर्कशॉप होतं. मी तिथली सुपरवायझर. पावडर कोटिंग म्हणजे ओल्या रंगाऐवजी रंगाची कोरडी पावडर लोखंडावर बसवायची आणि ओव्हनमध्ये भाजायची. पावडर वितळते, पसरते आणि चिकटून बसते. ऐकायला कोरडं काम वाटतं. पण आधी लोखंडावरचं तेल काढा, गंज काढा, मधेमधे खळबळून घ्या, अशी धुलाई असते. त्यासाठी त्या टाक्या. त्या वर्षी लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं. अशा गावात कपाटं धुवायला पाणी मागणं म्हणजे मार खायचं काम.

मालकांची सगळी भिस्त उदगीरवर होती. उदगीर जिल्हा होणार, नव्या कचेऱ्या येणार, कचेऱ्यांना कपाटं लागणार, असं ते दोन वर्षं सांगत होते. जिल्हा काही झाला नाही. दुष्काळ मात्र वेळेवर आला.

"महिनाअखेरीला शटर खाली," मालक म्हणाले. माणूस वाईट नव्हता, बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

माझं ठीक होतं, माझे मिस्टर शिक्षक. पण शफी आणि त्याच्या हाताखालच्या दोघांचं काय? शफी आमचा कोटर, रंगाची गन चालवणारा. त्याच्या चुलतभावानं पुण्यात त्याच्यासाठी कॉटची सोय करून ठेवली होती. म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. तिला पुण्याला नेता येत नव्हतं आणि इथं ठेवून जायचं तर कुणाच्या भरवशावर, हेच तो रोज जेवताना बोलायचा.

अशात नांदेडहून जसबीरसिंग आले. रेल्वेतून रिटायर झालेले सरदारजी, जन्म नांदेडचाच, मराठी आपल्यासारखी. गळानं मासे धरायचा जबर नाद. आता गळाला आमिष म्हणून लावायचे नकली मासे बनवून गोवा-केरळच्या शौकिनांना विकत होते. त्यांनी टेबलावर शिशाचे दाणे ओतले. चिंचोक्याएवढे, प्रत्येकात एक गळ ओतलेला.

"मॅडमजी, ह्यांना रंग पायजे. वरून लाल, पोटाला पिवळा. गळाला रंग लागायला नाही पायजे. आन खडकावर आपटला तरी टवका उडायला नाही पायजे. ब्रशचा रंग एका दिवसात उडून जातो."

"धुवायला पाणी लागेल?" मालकांनी घाईनं विचारलं.

"शिशाला नाही," मी म्हणाले. "थिनरनं पुसलं की झालं."

मालक खुर्चीत सरळ बसले.

गोम वेगळीच होती. गननं पावडर उडवली की ती गळावरही बसणार. दोन रंग तर विचारूच नका. ह्या कामाला फ्लुइड बेड लागतो. एका डब्यात पावडर ठेवायची आणि तळातून सगळीकडून सारखी, अगदी मंद हवा सोडायची. पावडर फुगते आणि पाण्यासारखी वागायला लागते. बोट घातलं तर बुडतं, काढलं की सपाट. तापवलेला दाणा त्यात हवा तेवढाच बुडवायचा. बुडेल तेवढ्याच भागाला पावडर चिकटते. मग ओव्हन.

तयार बेड मागवायचा तर पैसा आणि वेळ दोन्ही नव्हते. जसबीरसिंगना पंधरा दिवसांत सॅम्पल हवं होतं. नाहीतर ते हैदराबादला जाणार होते. आम्ही घरीच बेड करायचं ठरवलं. स्टीलचा डबा कापला, खाली हवेची खोली, वर पावडर, बाजूला कॉम्प्रेसर. सगळा खेळ मधल्या पडद्याचा. त्यातून हवा पाझरली पाहिजे, पावडर खाली गळायला नको.

आधी मांजरपाट ताणून लावलं. हवा सोडली तशी ते मधोमध फुगलं, मधे पावडरीचं कारंजं उडालं आणि कडेची पावडर ढिम्म. शफी डोक्यापासून मिशीपर्यंत लाल.

"मुबारक हो," मी म्हणाले. "पहिला मासा रंगला."

मग गाडीच्या एअर फिल्टरचा कागद लावला. तो फाटला. पाण्याच्या फिल्टरची कँडल कापायला गेलो, तिचे तुकडे झाले. माझं डोकं फिरलं. त्यात शफी कोपऱ्यातल्या पिण्याच्या माठावर डाफरायला लागला.

"हा माठ लई पाणी पिऊन राहिला मॅडम. भरून ठेवलं की निम्मं बुडाखाली. फेकून द्या, स्टीलची टाकी आना."

मी माठाच्या बुडाला हात लावला. ओल सगळीकडे सारखी होती. कुठं धार नाही, कुठं कोरडं नाही. मला दुसरं काय हवं होतं?

वर्कशॉपच्या मागच्या वस्तीत सुलोचना मावशी राहायच्या. कुंभारकाम करणारं घर. नवरा गेल्यावर त्यांनी काम चालू ठेवलं होतं. मी डब्याचं माप दिलं. एवढी गोल, बोटभर जाड, सपाट थाळी भाजून द्या म्हटलं. कशाला, हे काही सांगितलं नाही. त्यांना काय कळणार फ्लुइड बेड, असं माझ्या मनात होतं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी थाळी आली. काय देखणी होती! गारगोटीनं घोटघोटून आरशासारखी केलेली. आम्ही कौतुकानं बसवली, कडेनं पुट्टी भरली, हवा सोडली. पावडरीचा कणही हलला नाही. प्रेशर वाढवलं, तर पुट्टीच उडाली.

मी थाळी घेऊन तणतणत मावशींकडे गेले.

"मावशी, ह्यातून काहीच पाझरत नाही!"

त्यांचा चेहरा खुलला. "मग! बारीक चाळणीची माती हाय. वरून गेरूचा हात दिला, घोटली. थेंब जायाचा न्हाई."

"अहो पण मला पाझरणारीच पाहिजे होती!"

"पाझरनारी?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बाई, सारी दुनिया न पाझरनारं मागून राहिली. टँकरचं पानी मातीला पाजायला कुनाला परवडतं? म्या आवंदा लीद घालनंच बंद केलं."

मग कळलं. कुंभार माठाच्या मातीत घोड्याची लीद मिसळतात. भट्टीत ती जळून जाते, मागं बारीक छिद्रं राहतात, म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. दुष्काळात गिऱ्हाइकांना गार पाण्यापेक्षा शिल्लक पाणी हवं होतं. मावशींनी मला त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं काम करून दिलं होतं.

माझा राग जागच्या जागी विरला. मी तिथंच ओट्यावर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. मासे, गळ, वरून लाल, पोटाला पिवळा, खालून हवा. शफीची आईसुद्धा सांगितली. त्यांनी मधे मधे प्रश्न विचारले, आणि प्रश्न अगदी नेमके होते.

"हवा किती जोरात?"

"दूध उतू जायच्या आधी वर येतं ना, तेवढी."

"मंग लीद बक्कळ पायजे. घोटायची न्हाई. पर अशी थाळी भट्टीत तडकती. दोन करते, एक तरी हाती लागंल."

बोलता बोलता त्यांनी कोपऱ्यातली घागर उचलली आणि मातीत रिकामी केली. ते टँकरचं पाणी होतं. पुढचा टँकर कधी येणार, त्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

"मावशी, अहो प्यायचं पाणी!"

"कोरडी माती मळता येती का? जा आता, मला काम करू दे."

खरंच एक थाळी तडकली. दुसरी खडबडीत, काळपट, दिसायला अगदी भिकार. बसवली आणि शफीनं हळूहळू व्हॉल्व्ह उघडला. पावडर आधी नुसती थरथरली. मग सगळी एकदम, कडेपासून कडेपर्यंत, दोन बोटं वर आली आणि तशीच तरंगत राहिली. शफीनं तापलेला दाणा चिमट्यात धरून पोटापर्यंत बुडवला, काढला. पिवळाधमक, आणि गळ कोरा.

थाळी एकच, रंग दोन. पिवळा झाला की डबा रिकामा करायचा, हवेनं झाडायचा, मग लाल भरायचा. एखादा कण मागं राहिला की लालावर पिवळे ठिपके. वैताग होता, पण सॅम्पल वेळेत झालं.

मी आणि शफी ते घेऊन नांदेडला गेलो. जसबीरसिंग आम्हाला गोदावरीच्या पात्रात घेऊन गेले. पात्र कसलं, खडकच खडक. त्यांनी एक दाणा उचलला आणि हात मागं नेऊन खडकावर हाणला. पुन्हा हाणला. मग चष्मा लावून नखानं खरवडून पाहिलं. शफी माझ्याशेजारी डोळे मिटून उभा होता.

"बेडची प्लेट इम्पोर्टेड लावली का मॅडमजी?" जसबीरसिंगनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "मागच्या गल्लीतून."

ते हसले आणि शफीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सीझनभर हेच करायचं हां. दुसरीकडं जायचं नाही." बसमध्ये शफीनं चुलतभावाला फोन लावला आणि ती कॉट दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितली. नंतर लातूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. मालकांनी शटर खाली घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं मावशींकडे गेलो. प्रत्येकानं आपापल्या घरच्या वाट्याचं पाणी कॅनमध्ये आणलं होतं. मी आयुष्यात कमी लोकांना वाकून नमस्कार केलाय. त्यांना केला. मावशी, तुमच्यामुळं तिघांची चूल लातुरात राहिली, एवढंच म्हणाले आणि कॅन पुढं केला.

मावशींनी आढेवेढे घेतले नाहीत. पहिला कॅन घेतला, झाकण काढलं आणि सरळ मातीच्या ढिगावर उपडा केला.

"अहो, प्यायला आणलं होतं," शफी कळवळला.

"बाकीचं पिईन की," त्या बाह्या सारत म्हणाल्या. "लाल येगळा, पिवळा येगळा म्हनली ना ही? मंग एका थाळीत कसं भागतंय तुमचं?"

तेव्हापासून मी कुठल्याही कारागिराला नुसतं माप देत नाही. काम काय आहे ते सांगते.